कर, शाळा आणि समाज : अमेरिकन सार्वजनिक शिक्षणातील समतेच्या प्रश्नाचा इतिहास

१

अमेरिकन शिक्षणाचा विचार आपल्याकडे बहुधा जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या अनुषंगाने केला जातो. शाळेचा खर्च कोणी द्यावा, तो कोणत्या करातून उभा राहावा आणि त्या कराचे क्षेत्र केवढे असावे, हे प्रश्न त्या मानाने रुक्ष वाटतात व ते अंदाजपत्रके तयार करणाऱ्यांवर सोपवले जातात. प्रस्तुत निबंधात हेच रुक्ष प्रश्न विचारासाठी घेतले आहेत. अमेरिकन सार्वजनिक शाळेची थोरवी आणि तिच्यातील अन्याय या दोहोंचा उगम एकाच ठिकाणी आहे आणि ते ठिकाण म्हणजे शाळेची अर्थव्यवस्था होय, असे या विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

ही सार्वजनिक शाळा मध्यवर्ती सरकारने निर्माण केलेली नाही. गावोगावच्या लोकांनी स्वतःवर कर बसवून ती उभारली. ज्या समाजाने स्वतःवर कर बसवला त्याला शाळेवर हक्क सांगता आला आणि शाळेविषयी आपुलकीही वाटली. परंतु कराचे क्षेत्र लहान असल्यामुळे ज्या गावाची मालमत्ता मोठी त्याची शाळा संपन्न आणि ज्याची मालमत्ता थोडी त्याची शाळा दरिद्री, अशी स्थिती आपोआपच उत्पन्न झाली. म्हणून गेल्या पावणेचारशे वर्षांतील वाद वरवर पाहता पैशाचा दिसला, तरी तत्त्वतः तो 'समाज' या शब्दाच्या व्याप्तीचा वाद आहे. शाळेचा भार वाहणारा समाज म्हणजे गाव, की राज्य, की राष्ट्र? या प्रश्नाला वेळोवेळी जी उत्तरे दिली गेली त्यांचा मागोवा पुढे घेतला आहे.

२

या परंपरेचा आरंभ मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या १६४७ च्या कायद्यापासून मानण्याचा प्रघात आहे. पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाने मुलांना लिहावाचावयास शिकवणारा शिक्षक नेमावा आणि शंभर कुटुंबांच्या गावाने लॅटिन शिकवणारी शाळा काढावी, असा त्याचा आशय होता. हेतू मुख्यतः धार्मिक होता. प्रत्येकाला बायबल स्वतः वाचता यावे, ही प्यूरिटन पंथीयांची तळमळ त्यामागे होती. परंतु अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. कायदा वसाहतीने केला, मात्र जबाबदारी गावावर टाकली. आज्ञा वरून आणि पैसा खालून, हा जो साचा येथे पडला तो पुढे सर्व देशभर कायम राहिला.

स्वातंत्र्यानंतर १७८५ च्या भूमिविषयक अध्यादेशाने या साच्याला जमिनीचा आधार दिला. पश्चिमेकडील जमिनीची मोजणी करून तिचे सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोनी 'टाऊनशिप' पाडण्यात आले. प्रत्येक टाऊनशिपचे छत्तीस भाग करून त्यांतील सोळावा भाग, म्हणजे ६४० एकर जमीन, शाळांच्या निर्वाहासाठी राखून ठेवावी असे ठरले. ही जमीन मूळच्या रहिवाशांकडून घेतलेली होती, याचे विस्मरण इतिहासकाराने होऊ देऊ नये. तसेच सोळावा भाग कोठे सुपीक तर कोठे दलदलीचा निघाला, हेही लक्षात घेतले पाहिजे. शाळेचे भाग्य तिच्या पायाखालच्या जमिनीच्या किमतीशी जोडले जाण्याची ही पूर्वखूणच म्हणावी लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादापासून 'कॉमन स्कूल', म्हणजे सर्वांसाठी सामायिक शाळा, या चळवळीला जोर आला. मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षणमंडळाचे पहिले चिटणीस होरेस मॅन (१८३७ ते १८४८) हे तिचे प्रमुख प्रवक्ते. आपल्या मुलांच्या शिक्षणाची सोय स्वखर्चाने करू शकणाऱ्या धनिकांनी इतरांच्या मुलांसाठी कर का द्यावा, हा त्या काळचा सर्वांत अवघड आक्षेप होता. १८४६ सालच्या अहवालात मॅन यांनी त्याला जे उत्तर दिले ते तत्त्वदृष्ट्या मूलगामी आहे. संपत्ती ही कोणत्याही एका पिढीची निरपवाद मालकी नसून पुढील पिढ्यांसाठी सांभाळलेला विश्वस्त ठेवा आहे आणि म्हणून त्या पिढ्यांच्या शिक्षणाचा खर्च हा संपत्तीवरील पहिला बोजा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८४८ च्या बाराव्या अहवालात त्यांनी शिक्षणाला माणसामाणसांतील स्थितिभेद दूर करणारी सर्वांत मोठी शक्ती म्हटले. पुढे १८७४ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलामझू येथील खटल्यात करातून माध्यमिक शाळा चालवणेही वैध ठरवले.

मॅन यांच्या युक्तिवादात एक उणीव मात्र राहून गेली. संपत्ती साऱ्या समाजाची विश्वस्त ठेव आहे असे म्हटले, तरी कर प्रत्यक्षात गावापुरताच राहिला. धनिकाने आपल्या गावातील गरिबाच्या मुलासाठी कर द्यावा, हे तत्त्व मान्य झाले. परंतु धनिक एका गावात आणि गरीब दुसऱ्या गावात राहू लागले तर काय करावे, याचे उत्तर त्यात नव्हते.

३

गावाच्या आतही 'समाज' या शब्दाचा अर्थ सर्वत्र सारखा नव्हता. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील राज्यांनी १८६८ च्या सुमारास ज्या नव्या राज्यघटना केल्या, त्यांतील सार्वजनिक शिक्षणाची कलमे घडवण्यात नुकतेच दास्यमुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या प्रतिनिधींचा मोठा वाटा होता. दक्षिणेतील गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही त्यामुळे शाळेचे दार उघडले. परंतु पुनर्रचनेचा काळ संपताच राजसत्ता त्यांच्या हातून गेली आणि शाळेचा कर सर्वांकडून घेऊन तो बव्हंशी गोऱ्यांच्या शाळांवर खर्च करण्याची रीत पडली.

या रीतीला सर्वोच्च न्यायालयाने १८९९ मध्ये कमिंग खटल्यात मान्यता दिली. जॉर्जिया राज्यातील रिचमंड काउंटीच्या शिक्षणमंडळाने १८९७ मध्ये कृष्णवर्णीयांचे एकमेव सार्वजनिक हायस्कूल बंद केले. गोऱ्यांच्या माध्यमिक शिक्षणाला मात्र करातून साहाय्य चालू ठेवले. आम्ही कर देतो, मग आमच्या मुलांना हायस्कूल का नाही, हा पालकांचा सरळ प्रश्न होता. शाळांचा कारभार हा राज्याच्या अखत्यारीतील विषय आहे, असे सांगून न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. स्थानिक कारभाराचे तत्त्व अन्यायाचे कवच कसे होऊ शकते, याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

तथापि त्याच समाजाच्या इतिहासात स्थानिक स्वावलंबनाचे सर्वांत उज्ज्वल उदाहरणही सापडते. १९१२ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी संस्थेच्या सहकार्याने शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी ग्रामीण कृष्णवर्णीयांच्या शाळांसाठी अनुदान देण्यास प्रारंभ केला. स्थानिक लोकांनी आपला वाटा उचलावा आणि शिक्षणमंडळाने शाळा स्वीकारावी, अशी त्या अनुदानाची अट होती. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत सुमारे पाच हजार शाळा या योजनेतून बांधल्या गेल्या. कृष्णवर्णीय लोकांची वर्गणी सुमारे ४७ लाख डॉलर भरली. रोझेनवाल्ड यांच्या निधीचा वाटा सुमारे ४३ लाखांचा होता. म्हणजे कुळवहिवाटीने शेती करणाऱ्या व मजुरी करणाऱ्या लोकांनी कोट्यधीशाहून अधिक रक्कम दिली. वर्गणीखेरीज कित्येकांनी जमीन दिली, लाकूड दिले, अंगमेहनत केली. हेच लोक कर भरीतच होते. एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसा दिला, असा निष्कर्ष शिक्षणेतिहासकार जेम्स अँडरसन यांनी काढला आहे आणि तो यथार्थ आहे. समाजाची आपल्या शाळेवरील निष्ठा ही खरी व मोलाची शक्ती आहे, हे या उदाहरणावरून दिसते. त्याचबरोबर त्या निष्ठेवर भार टाकून राज्याला आपले कर्तव्य किती सहज टाळता येते, हेही दिसते.

४

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. त्याचे प्रमुख केंद्र न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ हे होते. एल्वुड कबर्ली यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शाळानिधींच्या वाटपाविषयीच्या प्रबंधात, समान दराने कर आकारूनही निरनिराळ्या गावांना अत्यंत असमान उत्पन्न मिळते, हे दाखवून दिले. १९२३ मध्ये जॉर्ज स्ट्रेअर आणि रॉबर्ट हेग यांनी न्यूयॉर्क राज्यासाठी एक सूत्र सुचवले. राज्याने प्रत्येक मुलामागे किमान खर्चाचे मान ठरवावे; प्रत्येक गावाने ठरावीक दराने कर आकारावा; आणि त्या उत्पन्नात जी तूट येईल ती राज्याने भरून द्यावी. हीच 'फाउंडेशन' अथवा किमान-पाया योजना. पुढील काळात बहुसंख्य राज्यांनी ती कोणत्या ना कोणत्या रूपात स्वीकारली. परंतु किमान मान बेताचे ठेवण्यात आले आणि त्यावर वाटेल तितका कर स्वतःसाठी उभारण्याची मोकळीक गावांना राहिली. त्यामुळे पाया समान झाला तरी इमारती असमानच राहिल्या.

याच विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी १८९५ च्या आपल्या करविषयक निबंधसंग्रहात सर्वसाधारण मालमत्ता कराची कठोर चिकित्सा केली होती. शेतीप्रधान समाजात जमीन, घर, गुरे हीच संपत्ती असल्यामुळे हा कर न्याय्य होता. रोखे व भागभांडवल या रूपाने संपत्ती अदृश्य होऊ लागली तेव्हा तो केवळ स्थावरावरील कर होऊन बसला, असे त्यांचे म्हणणे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकत असताना सेलिग्मन यांचे विद्यार्थी होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांच्या १९२५ च्या ग्रंथाला सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे. मध्यवर्ती व स्थानिक सत्ता यांच्यात उत्पन्न आणि जबाबदारी यांची वाटणी कशी व्हावी, हा आंबेडकरांच्या त्या ग्रंथाचा विषय आणि अमेरिकन शाळांचा प्रश्न ही एकाच वैचारिक परिसरातील अपत्ये आहेत, हे मराठी अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

५

वरील सर्व प्रवाह टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहरात एकत्र आलेले दिसतात. येथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपल्या अर्थाचा जिल्हा नव्हे. शाळा चालवण्यासाठी व त्यासाठी कर बसवण्यासाठी आखलेले ते स्वतंत्र स्थानिक क्षेत्र असते. त्याला आपण 'शालेय जिल्हा' म्हणू. १९४० च्या सुमारास देशात असे १ लाख १७ हजारांच्या आसपास शालेय जिल्हे होते. एकत्रीकरणामुळे आता ते तेरा हजारांच्या आसपास उरले आहेत. तरीही एकाच शहरात अनेक शालेय जिल्हे असणे ही तेथे नेहमीची गोष्ट आहे.

१६ मे १९६८ रोजी सॅन अँटोनिओतील एजवुड हायस्कूलचे सुमारे चारशे विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. पडक्या इमारती आणि पात्र शिक्षकांचा अभाव या त्यांच्या तक्रारी होत्या. त्यानंतर काही आठवड्यांतच डेमेट्रिओ रॉड्रिगेझ या पत्राकामगाराने व इतर पालकांनी टेक्सासच्या शालेय अर्थव्यवस्थेविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा दाखल केला. एजवुडमध्ये सुमारे बावीस हजार विद्यार्थी होते व त्यांतील शेकडा नव्वद मेक्सिकन वंशाचे होते. त्याच शहरातील अ‍ॅलामो हाइट्स या शालेय जिल्ह्यात सुमारे पाच हजार विद्यार्थी होते व ते बहुतांशी गोरे होते.

१९६७-६८ सालचे न्यायालयापुढे आलेले आकडे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहेत. एजवुडमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची होती. अ‍ॅलामो हाइट्समध्ये ४९,००० डॉलरहून अधिक. एजवुडचे लोक दर शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर देत. अ‍ॅलामो हाइट्सचे लोक ०.८५ डॉलर देत. राज्याच्या किमान योजनेतील आपला वाटा भरल्यानंतर एजवुडच्या हाती दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर राहिले, तर अ‍ॅलामो हाइट्सच्या हाती ३३३. अर्थात् ज्यांनी अधिक दराने कर दिला त्यांनाच कमी मिळाले. विषमता कमी करण्यासाठी असलेले राज्याचे अनुदान एजवुडला २२२ डॉलर आणि अ‍ॅलामो हाइट्सला २२५ डॉलर मिळाले. कारण वेतनाचे अनुदान शिक्षकांच्या पदव्या व अनुभव यांवर ठरत असे आणि अधिक पात्र शिक्षक संपन्न जिल्ह्याकडेच जात. संघराज्याचे साहाय्य धरून एकूण खर्च एजवुडमध्ये ३५६ डॉलर आणि अ‍ॅलामो हाइट्समध्ये ५९४ डॉलर झाला. शिवाय करदराला राज्याने दर शंभरी १.५० डॉलरची मर्यादा घातली होती. त्यामुळे एजवुडच्या लोकांनी कितीही त्याग करण्याचे ठरवले असते तरी कायद्यानेच त्यांना अ‍ॅलामो हाइट्सची बरोबरी करता आली नसती.

१९७१ च्या अखेरीस कनिष्ठ न्यायालयाने पालकांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सेरानो खटल्यात तशाच स्वरूपाचा निर्णय दिला होता. त्यामुळे सुधारणेची आशा पल्लवित झाली होती. परंतु २१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी टेक्सासची व्यवस्था वैध ठरवली. बहुमताचा निर्णय लुइस पॉवेल यांनी लिहिला. ते पूर्वी रिचमंड शहराच्या शिक्षणमंडळाचे अध्यक्ष होते. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि मुलांच्या शिक्षणावर स्थानिक लोकांचे नियंत्रण राखणे हा वाजवी हेतू आहे, असा निर्णयाचा आशय होता. शाळांतील वंशभेदाविरुद्धचा १९५४ चा ब्राउन खटला ज्यांनी लढवला होता, ते थुर्गुड मार्शल आता न्यायाधीश होते. आपल्या भिन्नमतपत्रिकेत त्यांनी नेमके मर्मावर बोट ठेवले: करपात्र संपत्तीच नसलेल्या जिल्ह्याला शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे निरर्थक आहे.

पुढील वर्षी, १९७४ मध्ये, डेट्रॉइटविषयीच्या मिलिकेन खटल्यात त्याच न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, भोवतालच्या उपनगरी जिल्ह्यांचा दोष सिद्ध झाल्याखेरीज शहरातील वर्णपृथक्करण दूर करण्यासाठी त्या जिल्ह्यांची सीमा ओलांडता येणार नाही. या दोन निर्णयांचा एकत्रित परिणाम दूरगामी झाला. पहिल्याने सीमेपलीकडील पैसा मागण्याचा मार्ग बंद केला, दुसऱ्याने सीमेपलीकडील शाळा मागण्याचा. या सीमा नैसर्गिक नव्हत्या. त्या राज्याच्या कायद्याने आखलेल्या होत्या. कोणी कोठे राहावे हेही केवळ ऐपतीवर ठरलेले नव्हते. अमुक वंशाच्या माणसाला घर विकू नये असे करार अमेरिकन न्यायालये १९४८ पर्यंत अमलात आणीत होती. ज्याला न्यायालयाने स्थानिक समाज म्हटले, तो अंशतः कायद्यानेच घडवलेला होता.

६

यानंतर हा लढा राज्यांच्या न्यायालयांत गेला, कारण शिक्षणाविषयीचे कर्तव्य राज्यघटनांत स्पष्ट नमूद आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉड्रिगेझ निर्णयानंतर दोन आठवडे होण्याच्या आतच आपल्या राज्याची व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळ पैशाची तरतूद करीना, तेव्हा १९७६ च्या उन्हाळ्यात न्यायालयाने शाळांवरील खर्चच थांबवला आणि त्यानंतर राज्यात प्राप्तिकर आला. १९८९ मध्ये केंटकीच्या न्यायालयाने साऱ्या राज्याची शालेय व्यवस्थाच रद्दबातल ठरवून नवी उभारण्यास सांगितले. त्याच वर्षी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एजवुडच्या बाजूने एकमताने निर्णय दिला. त्या वेळी राज्यातील सर्वांत संपन्न व सर्वांत निर्धन जिल्ह्यांच्या दर विद्यार्थ्यामागील मालमत्तेचे प्रमाण ७०० ला १ होते. १९९३ पासून टेक्सासमध्ये संपन्न जिल्ह्यांकडून अतिरिक्त उत्पन्न घेऊन ते निर्धन जिल्ह्यांना देण्याची पद्धत आहे. लोक तिला रॉबिन हुडच्या नावाने ओळखतात.

कॅलिफोर्नियाचा अनुभव मात्र समतेच्या पुरस्कर्त्यांनाही विचार करावयास लावणारा आहे. सेरानो निर्णयांनी खर्चात समानता आणण्यास सांगितले. १९७८ मध्ये मतदारांनी १३ व्या प्रस्तावाने मालमत्ता कर एक टक्क्यावर आणून ठेवला. स्थानिक कराचे बळ गेले, शाळा राज्याच्या तिजोरीवर अवलंबून राहिल्या आणि त्या राज्याचे शिक्षणखर्चातील पूर्वीचे अग्रस्थान नाहीसे झाले. संपन्न वस्त्यांतील पालकांनी खाजगी प्रतिष्ठाने स्थापून आपल्या शाळांसाठी देणग्या गोळा करण्यास आरंभ केला. करदात्यांच्या या बंडाला सेरानो निर्णय कितपत कारणीभूत झाला याविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. वाढत्या घरपट्टीचा संताप हे कारण तर उघडच होते. परंतु आपला कर आपल्या शाळेला मिळत नाही असे वाटू लागल्यावर कर देण्याची इच्छा टिकवणे अवघड जाते, ही गोष्ट नाकारता येत नाही.

टेक्सासच्या पद्धतीतही असेच एक अंतर्विरोधी उदाहरण घडले. ह्यूस्टन शहरात व्यापारी इमारतींमुळे करपात्र मालमत्ता प्रचंड आहे, पण शाळेत येणारी बहुसंख्य मुले गरीब घरांतील आहेत. सूत्राच्या लेखी हा जिल्हा संपन्न ठरला व त्याच्यावर इतरांना पैसे देण्याची पाळी आली. नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी त्याला नकार दिला आणि मे २०१७ मध्ये, अधिक हानी टळावी म्हणून, संमती दिली. मालमत्तेची श्रीमंती आणि माणसांची श्रीमंती या एक गोष्टी नव्हेत, हे यावरून स्पष्ट होते.

७

या इतिहासातून एकच सरळ धडा काढणे अनैतिहासिक ठरेल. स्थानिक स्वशासन हे केवळ ढोंग होते असे म्हणणे जॉर्जिया वा अलाबामातील खेड्यात लाकूड वाहून शाळा उभारणाऱ्या माणसांवर अन्याय करणारे आहे. उलटपक्षी, त्या निष्ठेचे नाव पुढे करून विषमतेचे समर्थन करणे हे एजवुडच्या आकड्यांपुढे टिकत नाही. स्वशासनाला अर्थ यावयाचा तर शासन करण्याजोगी साधने प्रथम हाती असावी लागतात. अ‍ॅलामो हाइट्सजवळ ती होती; एजवुडजवळ नव्हती.

१९२० मध्ये शाळांच्या उत्पन्नाचा शेकडा ऐंशीहून अधिक भाग स्थानिक करांतून येई. आज स्थानिक व राज्य यांचे वाटे साधारणतः समान असून संघराज्याचा वाटा नेहमीच्या वर्षांत दशांशाच्या आसपास असतो. म्हणजे भार वाहणाऱ्या समाजाची सीमा गावापासून राज्यापर्यंत खचितच रुंदावली आहे. राष्ट्रापर्यंत ती पोचलेली नाही. २०१६ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्याची व्यवस्था सदोष आहे असे म्हणूनही घटनेच्या किमान अपेक्षा ती पूर्ण करते, असा निर्वाळा दिला. किमान आणि समान यांतील अंतर, जे १९२३ च्या सूत्रात होते, ते अद्याप तसेच आहे.

दावा दाखल झाला १९६८ साली आणि टेक्सासच्या न्यायालयाचा अनुकूल निर्णय आला १९८९ साली. पहिल्या इयत्तेत बसलेले मूल बारा वर्षांत शाळा सोडून जाते. या एकवीस वर्षांत एजवुडच्या एका संपूर्ण पिढीचे शिक्षण आटोपले होते. प्रत्येक पिढीच्या शिक्षणाचा बोजा संपत्तीवर प्रथम आहे, असे होरेस मॅन यांनी म्हटले होते. तो बोजा कोणाच्या संपत्तीवर, याचे उत्तर देण्यास जो विलंब लागला त्याची किंमत त्या मुलांनी दिली. शालेय अर्थव्यवस्थेच्या इतिहासाकडे पाहताना अभ्यासकाने आकड्यांच्या स्तंभांबरोबर हा कालावधीही मोजला पाहिजे.